पायी पाहिलेले सोलापूर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असे काही तरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय मी टाळणार नाही. पण त्याच्याकडे जाण्याची वाट मात्र माझी निराळी आहे. गेली तीस वर्षे मी ह्या गावात युनियनचे काम करतो आहे. त्या कामात भाषणे थोडी, अर्ज आणि तारखा बऱ्याच, आणि सगळ्यांत अधिक म्हणजे चालणे. ज्या गोष्टीचा आपल्याला खरोखर अनुभव आहे तिच्यावर बोलावे, असे मी ठरवले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि रस्त्यात. तेव्हा ह्या बोलण्यात पंडिती क्रम शोधू नये. आपण बरोबर चाललो आहोत असे समजून ऐकावे.

एवढे चालावे का लागते, ते आधी सांगतो. गिरणीला फाटक असते. पाळी सुटली की हजार-दोन हजार माणूस एका दारातून बाहेर पडते. तेथे एखाद्या पेटीवर उभे राहिले की गेटसभा झाली. पत्रक वाटायला दोन पोरे पुरतात. बिडीला असे फाटक नाही. तिचा कारखाना म्हणजे पाने आणि तंबाखू मोजून देण्याची व तयार बिड्या मोजून घेण्याची जागा. बिडी वळली जाते ती घरात. एका गल्लीत चाळीस घरे असली तर तेथे चाळीस कारखाने आहेत, आणि प्रत्येक कारखान्यात एक बाई, फार तर तिची मुलगी किंवा सासू. अशा कामगाराची सभा घ्यायची तर सभेनेच घरोघर जायला हवे. आमच्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी हे ओळखले होते. ते सायकलही गल्लीच्या तोंडाशी लावून आत पायी जात. सायकलवरचा माणूस वसुलीचा वाटतो, असे त्यांतले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले होते.

आता गावाकडे वळू. मुरारजी पेठ हे नाव आपण रोज घेतो. मुंबईचे मुरारजी गोकुळदास ह्यांनी येथे कापडगिरणी उभारली आणि ती १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या, म्हणून हिला लोक जुनी मिल म्हणू लागले. आता त्या नव्याही राहिल्या नाहीत. ह्या जुन्या मिलची एक हकीकत आपल्यापैकी वकीलमंडळींना ठाऊक असेल, इतरांना कदाचित नसेल. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. १९५० च्या जानेवारीत, देशाची घटना अमलात यायला अडीच आठवडे उरले असताना, सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात तो सरकारच्या विरुद्ध गेला. ज्या निकालांमुळे १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती करावी लागली, त्यांपैकी सोलापूरच्या गिरणीचा हा एक. कायदा शिकणारा मुलगा कोठलाही असो, मालमत्तेच्या हक्काच्या प्रकरणाशी आला की त्याला सोलापूरचे नाव भेटते. मी ती निकालपत्रे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. भागधारकाचा हक्क काय, 'ताबा' म्हणजे काय, ह्यावर पानेच्या पाने आहेत. ज्यांचे काम गेले त्यांचा उल्लेख बेकारी ह्या एका शब्दात उरकला आहे. न्यायमूर्तींना दोष देत नाही. त्यांच्यापुढे प्रश्नच तेवढा होता. पण त्या भागातून जाताना मला नेहमी वाटते की कोर्टाचे कागद आणि पायाखालची जमीन ह्यांना एकाच गोष्टीच्या निरनिराळ्या आठवणी असतात.

माझे वडील दुसऱ्या एका गिरणीत साचेवाले होते. तिचे नाव घेत नाही. एका सकाळी फाटकावर नोटीस लागली आणि पाळी आत गेलीच नाही. त्यानंतर कितीतरी महिने वडील पाळीच्या वेळेला घरातून निघत आणि फाटकासमोरच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसत. आईला ते खुळेपणाचे वाटे. मी एकदा त्यांना बोलवायला गेलो तेव्हा कळले की त्यात खूळ नव्हते. गावभर विखुरलेले कामगार एकमेकांना भेटायचे तर त्या हॉटेलाशिवाय दुसरी जागाच उरली नव्हती. कोणाची शिल्लक पगाराची, कोणाची फंडाची, कोणाची ग्रॅच्युइटीची चौकशी तेथे चाले. त्या दिवशी कोणी तरी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाला, "लिही की बाळ, तुझं अक्षर बरं आहे." मी तेव्हा यंत्रमागावर कामाला होतो आणि बोटांना तेल लागलेले होते. कागदाच्या कोपऱ्याला डाग पडला, तसाच तो अर्ज गेला. 'लिक्विडेटर' हा शब्द मला लिहिता आला, पण तो माणूस कोण आणि काय करतो ते कळेना. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन शोधले. माझी शाळा तेथून पुन्हा सुरू झाली म्हणा.

ते हॉटेल आता नाही, तेथे मोबाइलचे दुकान आहे. चहाची हॉटेले उघडतात आणि बंद होतात, त्याचे मला दुःख नाही. पण गिरणीच्या देण्यांचा हिशोब पुरा होण्याआधी ते मिटले, आणि त्यानंतर दहा माणसे गोळा करायला मला दहा दरवाजे हिंडावे लागले. जागा गेली की काय जाते, हे मी तेव्हा मोजून पाहिले.

ह्या दरवाजे हिंडण्यातून मी पूर्व भागात पोचलो. कोंतम चौक ओलांडून कन्ना चौकाकडे आणि तेथून पुढे निघालो की गावाची बोली बदलते. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ही वस्ती भरली. दुकानाची पाटी मराठीत, वर तेलुगूची एक ओळ, आतला मालक गिऱ्हाइकाशी कानडीत बोलतो आणि हिशोब पुन्हा तेलुगूत करतो. नवरात्रात बायका फुलांची उतरंड रचून बतुकम्माभोवती फेर धरतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महर्षींचा रथ निघतो. पुरुष मागावर, बायका बिडीवर, अशी कित्येक घरांची वाटणी. एकाच भिंतीच्या एका बाजूला चादरीच्या मागाचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला कात्रीचा बारीक आवाज. मी मराठी घरातला. मला तेलुगू येत नव्हते. गल्लीतल्या अक्कांनीच ते शिकवले, आणि माझे उच्चार ऐकून हसायचे तेवढे हसून घेतले. आता त्या मला अण्णा म्हणतात, आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली बाईसुद्धा अण्णाच म्हणते.

ही गल्ली केव्हा पाहावी, ह्यालाही शास्त्र आहे. पहाटे गेलात तर ओल्या पानांचा वास येईल. तेंदूची पाने रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असतात, ती तेव्हा उघडतात. सकाळचा स्वयंपाक आटोपला की पाने पत्र्याच्या मापावर धरून कातरायची. ही वेळ बोलण्याची. हात चालतात आणि जीभ मोकळी असते. मग सूप मांडीवर येते. पानावर तंबाखूची चिमूट, पान वळायचे, टोक नखाने दुमडायचे, दोऱ्याचे दोन वेढे. हजार बिड्या पुऱ्या करायच्या तर दिवस त्यातच जातो. शेवटी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधताना मात्र कोणी बोलवू नये. मोजणी चुकली तर ती बाई तुम्हाला चांगले शब्द ऐकवील आणि ते योग्यच होईल. त्यानंतर टोपली घेऊन कारखान्यात जायचे. तेथे तपासणारा मूठभर उचलून पाहतो आणि नापसंत बिड्या बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही.

मी पाहिले की बहुतेक सगळ्या जणी उंबऱ्याला लागून बसतात. मला आधी वाटले, वाऱ्यासाठी. वारा आहेच, पण उजेड तेथे येतो, तंबाखूची धूळ बाहेर जाते, पोर रस्त्यावर खेळते त्याच्यावर डोळा राहतो, आणि समोरच्या उंबऱ्यावर बसलेल्या दुसरीशी बोलता येते. आपण ज्याला घराचा उंबरा म्हणतो तो येथे कामाची जागा, पाळणाघर आणि सभागृह असे तिन्ही आहे. गल्लीची रुंदी इतकी की दोन्ही बाजूंना आवाज न चढवता ऐकू जाते. मी पुष्कळ सभागृहांत बोललो आहे. ध्वनीची इतकी चांगली व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आढळली.

एक हकीकत सांगतो. एका कारखान्याची पाने काही महिने वाईट येत होती. फाटकी, भोकाची पाने वजनात धरली जात, पण बिडी मात्र हजारच द्यावी लागे. कमी पडलेली पाने बायका बाजारातून स्वतःच्या पैशाने घेत. तक्रार तोंडी होती, पुरावा काही नव्हता. दत्तनगरात एका घरी बसलो असता दाराच्या मागे भिंतीवर कोळशाने मारलेल्या काड्या दिसल्या. चार उभ्या, पाचवी आडवी, असे झुबके. मी विचारले, अक्का, दुधाचा हिशोब का? ती म्हणाली, दूध कोणाकडं आहे अण्णा, विकत आणलेल्या पानांचा हाय. तिला लिहिता येत नव्हते. एक काडी म्हणजे एकदा घेतलेले पान. दिवाळी जवळ आली होती आणि घराला चुना द्यायचा होता. दोन दिवस उशिरा गेलो असतो तर तो हिशोब पांढरा झाला असता.

मी त्या काड्या वहीत उतरवल्या, तिचा अंगठा घेतला, आणि शेजारच्या घरात जाऊन दारामागे पाहिले. तेथेही होत्या. कोणी चुलीच्या बाजूला, कोणी देवळीत, एकीने तर जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर. अकरा घरांत असे हिशोब निघाले. एकीने दुसरीला सांगितले होते असेही नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याची वही भिंत, एवढेच. ती वही आम्ही वाटाघाटीत टेबलावर ठेवली. कारखान्याच्या बाजूच्या गृहस्थांनी ती उलटसुलट पाहिली आणि हा कसला पुरावा असे विचारले. पण ते घरे पाहायला आले नाहीत, कारण आले असते तर भिंती दाखवाव्या लागल्या असत्या. शेवटी वाईट पाने बाजूला काढून मग वजन करायचे हे त्यांनी मान्य केले. माझ्या तीस वर्षांतला हा काही मोठा विजय नव्हे. पण तो पत्रकाने किंवा फोनने मिळाला नसता. दारामागे पाहण्यासाठी दारात जावे लागते.

कायद्याविषयी थोडे बोलतो, कारण त्याशिवाय हे चालणे नुसते हिंडणे ठरले असते. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने एक मोठी गोष्ट केली: मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी बिडी वळणारी बाई हीही कामगार आहे, असे म्हटले. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये बिडी कामगारांचा कल्याण निधी आला. त्याला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६६ चा कायदाही नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. त्याचे बरेवाईट पुढे कळेल. मी बिडीचा भक्त नाही. ती ओढणाऱ्याचे फुप्फुस आणि वळणारीची पाठ व छाती दोन्ही खाते, हे मी घरात पाहिले आहे. माझी आई त्याच कामात खोकत म्हातारी झाली. हा धंदा जाणार असेल तर जावो. पण गिरणी गेली तशी तो जाऊ नये, म्हणजे एका सकाळी नोटीस लावून. आणि ह्याला तर नोटीस लावायला फाटकही नाही.

चालण्याचा विषय काढला की एका जागेबद्दल गप्प राहता येत नाही. आपल्या गावात 'सेटलमेंट' हा शब्द वस्तीचे नाव म्हणून इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे त्यांतल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक. गिरण्यांना माणसे हवी होती, कुंपणातली माणसे कामाला पाठवली जात; पण हजेरी द्यायची आणि परवानगीशिवाय बाहेर फिरायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्या वस्तीतले एक आजोबा मला म्हणाले होते की कुंपण निघाल्यावर त्यांचे वडील पहिले काही दिवस संध्याकाळी नुसते गावातून चक्कर मारून येत. काही घ्यायचे नाही, कोणाला भेटायचे नाही. परत आले की दारात बसून सांगत, आज अमक्या चौकापर्यंत जाऊन आलो. मी रोज इतका चालतो, पण त्या चकरेइतके मोठे चालणे माझ्या पायांना घडलेले नाही.

ह्या गावाला एकदा सगळेच पायी पाहता येते, ते संक्रांतीच्या वेळी. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेली अडुसष्ट लिंगे गावभर पसरलेली आहेत, आणि भोगीच्या दिवशी सात नंदीध्वज त्यांच्या भेटीला निघतात, हे आपल्याला मी सांगायला नको. लहानपणी मी त्या मिरवणुकीमागे दिवसभर चाललो. ज्या पेठांत आमच्यासारख्या मुलाला काही काम नव्हते, ज्या वाड्यांच्या दारात उभे राहण्याची छाती नव्हती, तेथून त्या दिवशी बिनदिक्कत जाता आले. पुढे कार्यकर्ता झाल्यावर लक्षात आले की काठी जेथून जाते त्या वाटा मला आधीच ठाऊक होत्या. पत्ता शोधायला मला अजूनही लिंगांचा उपयोग होतो. ज्याची जशी श्रद्धा तसे त्याने मानावे. माझ्यापुरते म्हणाल तर बाराव्या शतकातल्या त्या पुरुषाने गाव फिरण्याची सोय करून ठेवली, ह्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढा वळसा घेतला तिच्याशी येतो. अक्कलकोट रस्त्याकडे कुंभारीच्या माळावर बिडी कामगार बायकांसाठी घरे झाली, ती आपण पाहिली असतील किंवा वर्तमानपत्रांत वाचली असतील. २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत पुरी झाली. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली पडते, ही गोष्ट लहान नाही, आणि जो तिला लहान म्हणेल त्याने आधी त्या खोलीत एक उन्हाळा काढावा.

पण मी तेथे चालत जातो तेव्हा दुसरेही काही दिसते. गल्ली सरळ आहे, रुंद आहे. समोरच्या घराला हाक ऐकू जात नाही. घरांना आकडे आहेत. नावाने विचारले तर कोणाला सांगता येत नाही, कारण शेजारी दहा निरनिराळ्या पेठांतून आलेले. बिड्या पोचवायला बस किंवा रिक्षा, म्हणजे मजुरीतून भाडे गेले. जुन्या गल्लीत पानाचा भाव वाढला की संध्याकाळपर्यंत चाळीस घरांना कळे. येथे ते फोनवर कळते खरे, पण ज्यांच्याकडे फोन आहे तो बहुधा मुलाच्या खिशात असतो. आराखडा करणाऱ्यांनी पाणी, रस्ता, दिवा ह्यांचा विचार केला, तो करायलाच हवा होता. उंबऱ्यावर कारखाना चालतो हे मात्र नकाशात दाखवण्याची सोय नसते. घरे मागण्यात मीही होतो, घोषणाही दिल्या. ओट्याची घोषणा आमच्याही कोणाच्या मनात आली नव्हती, कारण ओटा ही मागण्याची वस्तू आहे असे त्या गल्लीत राहणाऱ्या कोणालाच वाटले नसते.

मात्र बायका थांबलेल्या नाहीत. मागच्या पावसाळ्यानंतर गेलो तर काही दारांपुढे शहाबादी फरशीचा तुकडा दोन विटांवर टाकलेला दिसला. नंतर पाहिले तर समोरच्या ओळीतही तसेच. रुंद रस्त्यामुळे समोरासमोर बोलता येत नाही म्हणून तिघी-चौघी जणी आपापली सुपे घेऊन एकाच फरशीवर येऊन बसतात, ऊन सरकेल तशी फरशी बदलतात. मला आता पत्ता सांगतात तोही तसाच: तिसऱ्या ओळीत, निळ्या टाकीच्या पुढं, मोठ्या फरशीचं घर. आकडा मी वहीत लिहितो, पण घर शोधतो फरशीवरून.

पुढल्या आठवड्यापासून त्या बाजूच्या घरांतून पानांच्या वजनाची नोंद घ्यायची आहे. नव्या भिंतींना तेलाचा रंग आहे, त्यावर कोळसा उमटत नाही. तेव्हा वह्याच वाटाव्या लागणार, आणि काड्या कशा मारायच्या हे मला कोणाला शिकवावे लागणार नाही. चैत्र-वैशाखातले सोलापूरचे ऊन आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हणून कोंतम चौकातून सकाळी सहाला निघतो. आपल्यापैकी कोणाला यायचे असेल तर जरूर यावे. पाण्याची बाटली बरोबर घ्यावी आणि वाहन घरी ठेवावे.